काळी पाच

२०२२ च्या जूनमध्ये शाळा पुन्हा नेहमीसारखी भरू लागली, तेव्हा कार्यालयातले लोखंडी कपाट आवरताना सर्वांत खालच्या कप्प्यातून मी शाळेची हार्मोनियमची पेटी बाहेर काढली. तिच्या पुढच्या फळीवर ‘ग्रामस्थांकडून सप्रेम भेट’ अशी पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेली अक्षरे होती. करोनाच्या दोन वर्षांत उंदरांनी भात्याच्या घड्यांवरचे चामडे इतके कुरतडले होते की, भाता दाबला म्हणजे सुराऐवजी धाप लागल्यासारखा नुसता वारा बाहेर पडत असे. सहकारी शिक्षिकेने सुचवले की, ती निर्लेखनात दाखवून टाकावी, म्हणजे दरवर्षी जडवस्तूंच्या नोंदवहीत तिची नोंद ओढत बसावे लागणार नाही. सूचना व्यवहार्य होती. आमची शाळा मिरज तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथीची आणि द्विशिक्षकी. त्या वर्षीचा पट ४७ होता, आणि दोन वर्षे घरी बसलेल्या त्या मुलांना अक्षरे पुन्हा ओळखायला लावण्यातच आम्हा दोघांचा दिवस संपत असे. तरी मी पेटी निर्लेखनात घातली नाही.

प्राथमिक शाळेत संगीत कोणी शिकवायचे, याचे उत्तर कायद्यात शोधले तर तिथे वेगळे माणूसच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, कला शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितलेला आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत, आणि भाषा, गणित, परिसर अभ्यास, पोषण आहाराच्या नोंदी व अधूनमधून येणारी सर्वेक्षणे यांच्या जोडीला ते दोघे गाणेही शिकवतील, असे न लिहिता गृहीत धरलेले आहे. माझ्याकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘प्रवेशिका पूर्ण’चे प्रमाणपत्र आहे, म्हणजे संगीताच्या गावाला निघून जेमतेम वेशीपर्यंत पोचलेला मी माणूस. परंतु दोघांत एकाला तरी वेस माहीत आहे, एवढ्या आधारावर तो तास माझ्याकडे आला.

मी स्वतः ज्या शाळेत शिकलो तिथेही पेटी होती. ती वर्षातून तीनदा कपाटाबाहेर येई: स्वातंत्र्यदिनाला, प्रजासत्ताक दिनाला आणि स्नेहसंमेलनाला. गळा चांगला असलेल्या पाच मुली तिच्या शेजारी उभ्या राहत, बाकीची शाळा रांगेत. पेटीला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मुलांच्या हाताने सूर बिघडतात अशी तिथल्या गुरुजींची पक्की समजूत होती. एकदा तालमीत मी उत्साहाने मोठ्याने गाऊ लागलो, तेव्हा मला खुणेने सांगण्यात आले की, नुसते तोंड हलव, आवाज काढू नकोस. त्या वेळी मला फार दुःख झाले असे लिहिणे सोपे आहे, पण ते खरे नाही. मला सुटल्यासारखे वाटले होते. आता चुकण्याची भीती उरली नव्हती. ती सुटका वाटली, हेच मला शिक्षक झाल्यावर अधिक खटकू लागले.

पेटी पिशवीत गुंडाळून मी एका शनिवारी दुपारी मिरजेला नेली. मिरजेत वाद्ये घडवण्याचे काम दीडशे वर्षांहून जुने आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी घडवायला घेतल्या आणि त्यांच्या वंशजांच्या गल्लीत आजही मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वाळत टांगलेले दिसतात. तिथून जवळच पेट्या दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ बसत. त्यांनी पेटीचे झाकण काढले, सुरांची, म्हणजे पितळी जिभांची, फळी उन्हाकडे धरून पाहिली आणि भाता संध्याकाळपर्यंत होईल असे सांगून सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीवर बोट ठेवले. “ही काळी पाच मुकी झालीय, गुरुजी. मधल्या सप्तकाचा सूर मोडलाय. माझ्याकडचा जुना बसवीन, पण तो बाकीच्यांत मिसळणार नाही. गुजरातेतनं, पालिताण्याचा मागवावा लागंल.” पितळेच्या त्या पातळ जिभेला टोकाशी खरवडले की सूर चढतो आणि मुळाशी खरवडले की उतरतो, हे त्यांनी मला एका सुटलेल्या सुरावर करून दाखवले, मुलांना हे दाखवायला हवे असे मनात आले, पण तेवढा मोडका सूर मागून घेण्याचे राहूनच गेले. सादिलमध्ये, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या निधीत, त्या महिन्यात जेमतेम भात्यापुरते पैसे होते. पेटी एकेरी सुरांची असल्याने त्या पट्टीखाली दुसरा सूरही नव्हता. काळी पाच पुढे बघू, असे म्हणून मी ती तशीच घेऊन आलो.

याच मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले. लहानपणी शोभेच्या दारूने त्यांची दृष्टी गेली होती, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गुरूच्या घरी वर्षानुवर्षे पाणी भरून मिळणारी विद्या वर्गात, फळ्यावर आणि परीक्षेत आणली. पंडित भातखंडे यांनी स्वरलिपी अशी सुटसुटीत केली की, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराला, खाली टिंब आणि वरच्या सप्तकातल्या तारस्वराला वर टिंब, एवढे चौथीतले मूल एका तासात शिकते. हे दोघे नसते तर माझ्यासारख्याला प्रमाणपत्रही मिळाले नसते. परंतु माझी अडचण त्यांच्या आधीच्या पायरीवरची होती. मुले स्वर लिहिण्याच्या पुष्कळ अलीकडे होती. त्यांना तो अजून वेगळा ऐकूच येत नव्हता.

पहिली चूक माझ्या गळ्याने केली. माझा सूर काळी एक. परिपाठाला मी तो घेऊन प्रार्थना सुरू केली की, मुलांचे दोन तट पडत. पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजाच्या एक सप्तक खाली असतो, हे मोठ्या माणसाच्या कानाला जाणवतही नाही, कारण आपण ते मनातल्या मनात जुळवून घेतो. सहा वर्षांच्या मुलाला मात्र ते जुळवता येतेच असे नाही. त्यामुळे काही मुले प्रामाणिकपणे माझ्या सुरापर्यंत खाली उतरायला बघत आणि हनुवटी छातीला टेकवून घोगरा आवाज काढत, आणि उरलेली कशाचाच अंदाज न आल्याने ओरडत. जी मुले बेसूर म्हणून बाजूला काढली जातात, त्यांतली कितीतरी अशी अतिशय आज्ञाधारक मुले असावीत, असा मला आता दाट संशय आहे. मी गाणे थांबवून पेटीच्या मधल्या सप्तकात नुसता षड्ज, म्हणजे ‘सा’, धरला, तेव्हा आठवड्याभरात घोगऱ्यांपैकी बहुतेक वर आले.

मग षड्ज कुठला, हा प्रश्न आला. राष्ट्रगीत मंद्र निषादाला स्पर्श करते आणि ‘जय हे’ला तार षड्ज गाठते, म्हणजे सप्तकाहून थोडा अधिक विस्तार मुलांच्या गळ्यात बसायला हवा. सुरुवात फार खाली केली तर ‘भाग्यविधाता’शी आवाज बुडतो आणि फार वर केली तर तिन्ही ‘जय हे’ किंकाळ्या होतात. पांढरी एकपासून पांढरी चारपर्यंत करून पाहिल्यावर आम्ही काळी दोनवर थांबलो. काळी दोनचा पंचम, म्हणजे ‘प’, काळी पाच, हे माझ्या लक्षात यायला नको होते काय? प्रवेशिका पूर्ण झालेल्या माणसाच्या लक्षात ते सूर ठरल्यावर, मुलांसमोर, पट्टी दाबल्यावर आले.

पेटी वाजवायला मुलांना द्यायची, हे मी आधीच ठरवले होते. लहान हातांना एकाच वेळी भाता आणि पट्ट्या झेपत नाहीत, म्हणून दोघांची जोडी: एकाने भाता मारायचा, दुसऱ्याने वाजवायचे, मग अदलाबदल. भाता मारणे हे हलके काम समजले जाईल अशी मला भीती होती. प्रत्यक्षात त्यावरूनच भांडणे होत, कारण जोरात मारला की सूर मोठा होतो, सावकाश मारला की बारीक होतो आणि थांबला की शेजाऱ्याची सगळी करामत बंद पडते, हे अधिकार मुलांनी चटकन ओळखले. ४७ मुले आणि एक पेटी. आठवड्यातून एका मुलाच्या वाट्याला दोन मिनिटे येत. उरलेला वेळ दुसऱ्याचे ऐकण्यात जाई, आणि आमचा खरा अभ्यास तिथेच झाला.

साधा अलंकार होता: सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसां. पेटीवर बोटे जात आणि पंचमाच्या जागी पट्टीचा टक् असा लाकडी आवाज येई. पहिल्या दिवशी मुले हसली. दुसऱ्या आठवड्यात मला जाणवले की, गमप म्हणताना पेटी गप्प झाली तरी मुलांचा आवाज पुढे जाऊन पंचमावर बरोबर टेकतो आहे. गांधार आणि मध्यम अशा दोन पायऱ्या चढल्यावर तिसरी पायरी दिसत नसली तरी पाय तिथेच पडावा, तसे. मपधमध्ये पंचम मध्ये येतो, म्हणून मुले त्याच्यावरून घाईने धैवताकडे उडी मारत आणि मधली जागा चोरली जाई. परंतु पधनी फार अवघड होते, कारण तिथे सुरुवातच मुक्या पट्टीपासून करायची होती. पेटी काही सांगत नाही, सर गात नाहीत, आणि तरी पहिला स्वर आपणच काढायचा. तिथे सगळा वर्ग थांबे. थांबून मुले पेटीकडे बघत, मग माझ्याकडे, मग एकमेकांकडे.

पंचमच मुका झाला, हे आमचे नशीब. षड्जाला सर्वांत जवळचा सोबती तोच आहे. दोघांच्या कंपनांचे प्रमाण दोनास तीन इतके सरळ आहे की, षड्ज नीट घुमत असला म्हणजे कान पंचमाची वाट आपणहून धरतो. तंबोऱ्याची पहिली तार म्हणूनच बहुधा पंचमात लावतात. मोडलेला सूर गांधाराचा किंवा निषादाचा असता तर मीही महिन्याभरात पैसे जमवून तो बदलून आणला असता. हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीने शिकवताना मुलांना गाण्यातला काही भाग मुद्दाम मनातल्या मनात म्हणायला लावतात, म्हणजे आतला कान तयार होतो, असे पुढे कधीतरी वाचले. तिथे ती पद्धत विचारपूर्वक बसवलेली होती. आमच्याकडे ती तुटक्या पितळेने आणली.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली आणि बीडकडून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या गावाबाहेरच्या माळावर पडल्या. दरवर्षीप्रमाणे त्यांतली काही मुले शाळेत आणून बसवली. एक मुलगा वयाने तिसरीतला होता, वाचायला पहिलीइतकेच येई, आणि पहिले पंधरा दिवस तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. एका दुपारी पधनीपाशी वर्ग नेहमीप्रमाणे अडला, तेव्हा मागच्या भिंतीजवळून पंचम आला. मोठा नव्हता, सुंदरही नव्हता. फक्त जागेवर होता, आणि मुख्य म्हणजे त्यात विचारणे नव्हते. मुलांनी त्याच्यावरच धनी चढवले. तू कुठे शिकलास असे मी विचारले तर त्याने खांदे उडवले. पुढे त्याच्या आईकडून कळले की, त्याचा आजा गावाकडे भजनात टाळ धरतो आणि हा लहानपणापासून त्याच्या मांडीवर बसतो. मग ध्यानात आले की, माझ्या वर्गातल्या निदान आठ-दहा घरांत भजनी मंडळाचे कोणी ना कोणी आहे, आणि एकादशीच्या रात्री ही मुले अर्धवट झोपेत तासन्‌तास सूर ऐकतात. शाळेत आल्यावर मात्र आपण काहीच ऐकलेले नाही असे समजून आम्ही त्यांना ‘सा’पासून शिकवायला बसतो.

तालाच्या बाबतीत तर मी शिकवलेच नाही म्हटले तरी चालेल. लेझमीची पावले त्यांच्या अंगात होती. मी फक्त टाळी आणि खाली हे दोन शब्द दिले. खालीची गंमत त्यांना फार आवडली: त्या मात्रेला टाळी द्यायची नाही, हात नुसता हवेत फिरवायचा, पण मात्रा मोजायची, ती गाळली तर सगळा ताल कोसळतो. ‘मग काळी पाच म्हणजे पेटीची खाली’, असे चौथीतल्या एका मुलीने सांगून टाकले. शास्त्राच्या दृष्टीने ते चूक आहे, हे तिला सांगण्याचे मी टाळले.

फेब्रुवारीत १९ तारखेपासून राज्यगीत लागू झाले आणि परिपाठात त्याची भर पडली. त्याच सुमारास भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी वर्गात पेटी पाहून विचारले की, यातून निपुणचे, म्हणजे मुलांना वाचता-मोजता यावे यासाठीच्या सरकारी अभियानाचे, कोणते अध्ययनफलित साध्य होते. प्रश्न उर्मट नव्हता. त्यांच्या हातातल्या तक्त्यात वाचनस्तर आणि संख्याज्ञान यांचेच रकाने होते. संगीताने गणित सुधारते, एकाग्रता वाढते, असे उत्तर अशा वेळी तयार असते, आणि मीही ते देऊन मोकळा झालो. नंतर त्याची लाज वाटली. गणित सुधारायचे असेल तर गणित शिकवावे. गणिताचा तास कशासाठी, असे विचारल्यावर त्याने गळा सुधारतो असे उत्तर कोणी देत नाही. मग गाण्यानेच दरवेळी दुसऱ्या विषयाची चिठ्ठी घेऊन दारात का उभे राहावे, हे मला समजत नाही.

पेटीवर अविश्वास दाखवणारी माणसे आपल्याकडे जुनी आहेत, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. पेटीत मींड निघत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. शिवाय सप्तकाचे बारा समान तुकडे केल्यामुळे तिचा गांधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा जरासा चढा असतो. माझा आक्षेप याहून साधा आहे: पेटी फार लवकर उत्तर देते. मूल स्वर शोधायला निघण्यापूर्वीच ती तो हातात ठेवते, आणि मूल तिच्या मागून चालू लागते. तंबोरा फक्त जागा धरून बसतो. आमच्याकडे तंबोरा नव्हता. फोनवरचा तंबोरा काळी दोनला लावून तो मी स्टीलच्या रिकाम्या डब्यात ठेवत असे, म्हणजे मागच्या ओळीपर्यंत घुमे. महिन्यातले दोन तास आम्ही पेटी बंद ठेवून त्या डब्यावरच गायलो. तरीही मला पेटी सोडवली नसती, कारण डब्याला हात लावून काही घडत नाही, आणि स्वतःच्या बोटाने सूर निघाल्यावर सात वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर जे येते ते मला हवे होते.

मार्चमध्ये साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, आणि दोन दिवसांत माळ मोकळा झाला. तो मुलगा गेला. पुढच्या हंगामात टोळी आली, पण तिच्यात ते कुटुंब नव्हते; मुकादमाने ते कर्नाटकातल्या कारखान्याकडे गेल्याचे सांगितले.

जूनमध्ये सादिलमध्ये थोडे पैसे उरले होते. मिरजेच्या गृहस्थांनी पालिताण्याचा सूर मागवून ठेवला होता, तो त्यांनी बसवला, टोकाशी दोनदा हलकेच खरवडला, शेजारच्या सुरांशी मिळवला आणि माझ्याकडे पाहिले. काळी पाच स्वच्छ बोलत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी अभिमानाने अलंकार सुरू केला. सारेग झाले, रेगम झाले. गमपला मी काळी पाच दाबली, आणि पेटीतून पंचम निघाल्याबरोबर वर्गातला पंचम थांबला. मुलांनी तो पेटीवर सोडून दिला होता. मपधलाही तेच. वर्षभर त्या जागी उभी राहिलेली मुले आता कौतुकाने पेटीकडे बघत होती, आणि पहिलीत नुकतीच आलेली मुले त्यांच्याकडे बघून गप्प होती.

पधनीशी आलो तेव्हा मी बोट पट्टीवरून उचलले. भाता मारणाऱ्या मुलीने चमकून माझ्याकडे पाहिले. थोडा वेळ डब्यातल्या तंबोऱ्याशिवाय काहीच नव्हते; मग खिडकीजवळच्या दोघी-तिघींनी पंचम घेतला, थोडा खालून, आणि घेताघेताच तो वर सरकवून जागेवर नेला.